शाळेतली समुपदेशन सेवा: ताईंना पाच स्टार, व्यवस्थेला दोन

माझ्या मुलाच्या शाळेतल्या समुपदेशन कक्षाबद्दल हे लिहिते आहे. शाळा भांडुपची, अनुदानित, मराठी माध्यमाची. मुलगा यंदा नववीत आहे. शाळेचं, सेवा चालवणाऱ्या संस्थेचं आणि पैसे देणाऱ्या कंपनीचं नाव देत नाही, कारण यातली बहुतेक माणसं मनापासून काम करतात आणि मला त्यांना चव्हाट्यावर आणायचं नाही. मी टपाल खात्यात काउंटरवर असते. परिपत्रकं वाचणं हा माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे या सेवेच्या मागेपुढे आलेले जीआर, करार, आदेश हेही मी मिळतील तसे वाचले. ते वाचल्यावर माझं ठाम मत झालं की या कक्षात काय चांगलं घडतं आणि काय बिघडतं, त्यातलं निम्मं कक्षाच्या बाहेर ठरतं.

आधी सेवा काय मिळते ते सांगते. कक्ष पहिल्या मजल्यावर, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांच्या मधली खोली. पूर्वी तिथे नकाशे आणि मोडके बाक ठेवत. आता दोन खुर्च्या, एक चटई, पुस्तकांचं छोटं कपाट. समुपदेशक ताई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, सकाळ आणि दुपार दोन्ही पाळ्यांची मुलं भेटू शकतील अशा वेळी. फी नाही. मूल स्वतःहून जाऊ शकतं, वर्गाच्या बाई पाठवू शकतात, पालकही सांगू शकतात. सुरुवातीला पालकांकडून संमतीपत्र घेतात. ते एका पानाचं आहे, साध्या मराठीत आहे, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की मुलाने सांगितलेलं ना घरी कळवलं जाईल ना वर्गात. अपवाद दोनच: मुलाच्या जिवाला धोका असेल तर, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर. दुसऱ्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. हे आधीच कागदावर सांगितलेलं मला फार आवडलं. मुलाला आणि आईला दोघांनाही आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

आता माझ्या मुलाचं. हे त्याला विचारून लिहिते आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो तिसरीत होता. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग परत भरले ते १५ डिसेंबर २०२१ ला, तोवर तो पाचवीत गेलेला. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा काही आठवडे बंद. टपाल ही अत्यावश्यक सेवा, त्यामुळे मी त्या काळात कामावर जात होते आणि घरातला धड चालणारा मोबाइल माझ्याबरोबर जायचा. चौथीचा अभ्यास त्याने संध्याकाळी, मी घरी आल्यावर, स्क्रीनवर बघून केला. लिहिलं फार थोडं. शाळा सुरू झाल्यावर तोंडी उत्तरं फटाफट, पण पेपर कायम अर्धा कोरा.

सातवीपर्यंत हे निभावलं. आठवीत निभावणार नव्हतं. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास होणं आवश्यक झालं. नापास झालं तर पुरवणी परीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. या नियमाबद्दल मतं काहीही असोत, आमच्या घरात त्याचा परिणाम दिसला तो पोटदुखीच्या रूपात. चाचणीच्या दिवशी सकाळी पोटात कळ, उलटीची भावना, घामाने ओला शर्ट. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, फरक नाही.

वर्गाच्या बाईंनी त्याला ताईंकडे पाठवलं. या पहिल्या ताई मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या, ठाण्याहून यायच्या. त्यांनी ‘घाबरू नकोस’ हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. त्यांनी त्याला एक छोटी वही दिली आणि पोट कधी दुखतं ते लिहायला सांगितलं. तोंडी परीक्षेच्या दिवशी दुखत नाही, पीटीच्या तासाला दुखत नाही, लेखी चाचणीच्या आदल्या रात्रीपासून दुखतं, हे त्याच्याच अक्षरात त्याला वाचायला मिळालं. मग त्यांनी दहा मिनिटं लावून फळ्यावरचा उतारा उतरवून घेतला, दुसऱ्या दिवशी तेच तोंडी विचारलं. मला बोलावून म्हणाल्या, ‘ताई, हा अभ्यास करतो. हात मागे पडतो. दोन वर्षं लिहिलं नाही म्हणून असेल, भीतीने असेल, किंवा अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशार असूनही लिहिण्या-वाचण्यात येणारी अडचण, असेल. तपासणीशिवाय मी शिक्का मारणार नाही.’ आणि पालिका रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या बोर्डाकडून जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, हे मला त्या दिवशी कळलं. घरी रोज एकच प्रश्न, तोही घड्याळ न लावता, लिहायचा असं ठरलं. बाईंशी बोलून त्याला पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसवलं. फेब्रुवारीच्या चाचणीला तो पोट धरून का होईना, पण पूर्ण वेळ बसला.

आणि मार्च २०२५ च्या शेवटच्या शुक्रवारी ताईंनी मुलांना सांगितलं की आपली ही शेवटची भेट.

३१ मार्चला प्रकल्प संपत होता. त्या वर्षी राज्याच्या वेळापत्रकानुसार पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. म्हणजे ज्या पंचवीस दिवसांसाठी मुलांना या खोलीची सगळ्यात जास्त गरज होती, त्या दिवसांत तिला कुलूप होतं. एकट्या माझ्या मुलाचं म्हणत नाही. पाचवीची लहान लहान मुलं होती, तीही याच परीक्षेला बसणार होती.

असं का, हे मी पालक-शिक्षक संघाच्या सभेत विचारलं. संस्थेच्या समन्वयक बाई आल्या होत्या, त्यांनी शांतपणे समजावलं. ताईंचा पगार एका कंपनीच्या सीएसआर निधीतून होत होता. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५, त्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. हिशेब आर्थिक वर्षाचा, म्हणून करारही एप्रिल ते मार्च. कंपनीने पुढच्या वर्षी दुसरा विषय निवडला. यात बेकायदा काही नाही. पण नियमांत चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं नेण्याची सोय आहे, ती वापरायची की नाही हे कंपनीच्या हातात असतं आणि आमच्या बाबतीत वापरली गेली नाही. समन्वयक बाईंनी आणखीही एक गोष्ट सांगितली. २०२० च्या मार्चमध्ये पीएम केअर्स या पंतप्रधानांच्या मदतनिधीला दिलेली देणगी सीएसआरमध्ये धरली जाईल असं सरकारने जाहीर केलं आणि बऱ्याच कंपन्यांचा पैसा तिकडे वळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येईनासा झाला. मोठ्या संस्थांकडून लहान संस्थांकडे येणारा तो झरा आटला. उरला तो स्थानिक कंपन्यांचा वर्षावर्षाचा पैसा.

साथीच्या काळात पैसा औषधपाण्याकडे गेला यावर माझं काही म्हणणं नाही. पण दिल्लीत झालेल्या दोन निर्णयांची आणि एका आर्थिक वर्षाची किंमत भांडुपच्या आठवीतल्या पोराने परीक्षेच्या आधी मोजावी, हे मला आजही सहन होत नाही.

त्या एप्रिलमध्ये मी रात्री १४४१६ ला फोन लावला. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलता आलं. समोरच्या बाईंनी आधी माझं ऐकलं, मग मुलाशी बोलल्या, श्वास मोजायला शिकवलं, झोपण्यापूर्वी वह्या बंद करायला लावल्या. त्या रात्रीपुरता खरोखर आधार मिळाला. सगळ्या पालकांनी हा नंबर मोबाइलमध्ये ठेवावा. मात्र फोनवरच्या बाई वर्गाच्या बाईंना जाऊन भेटू शकत नाहीत, बाक बदलून देऊ शकत नाहीत. शाळेतल्या ताईंचं काम त्यामुळेच वेगळं आहे.

तो आठवी पास झाला. रुग्णालयातली तपासणी सुट्टीत झाली, अहवालाचं काम अजून चालू आहे.

जूनमध्ये शाळा उघडली तरी खोली बंदच. पुढे २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आंध्रात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचं ते प्रकरण. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता, ज्याला मुलांच्या आणि किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण आहे. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. टेलिमानससारख्या हेल्पलाइनचे नंबर ठळक अक्षरांत लावायचे. मी त्या सूचना छापून मुख्याध्यापकांकडे घेऊन गेले.

शाळेने पहिल्यांदा काय केलं असेल तर चित्रकलेच्या सरांचं नाव ‘समुपदेशक’ म्हणून फलकावर लावलं. सर अतिशय प्रेमळ आहेत, मुलांचे लाडके आहेत. पण प्रशिक्षण नाही, आणि त्यांच्यावर आधीच तीन इयत्तांचे तास. आम्ही पालकांनी हे मान्य केलं नाही, आणि मुख्याध्यापकांनी राग न धरता ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. त्यांची अडचणही खरी आहे. शाळा अनुदानित. शिक्षकांची पदं विद्यार्थीसंख्येवरून संच मान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, ठरतात, आणि आमच्या शाळेच्या संच मान्यतेत समुपदेशकाचं पदच नाही. माणूस नेमा असा आदेश आला, पगाराचं हेड, म्हणजे पैशाची तरतूद, आली नाही. शेवटी एका धर्मादाय ट्रस्टकडून पैसे मिळाले आणि ऑगस्टमध्ये नव्या ताई आल्या.

त्या आल्या आणि १५ ऑगस्ट शुक्रवारी पडला. पुढच्या मंगळवारी, १९ तारखेला, मुंबईत अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी. मग गणपती. दोन ठरलेले वार, त्यावर एकामागून एक पाणी फिरलं आणि मुलाची नव्या ताईंशी धड ओळख व्हायला सप्टेंबर उजाडला. आठवड्यातून दोन दिवसांच्या सेवेत ही मोठीच उणीव आहे. आता ताईंनी संस्थेकडून परवानगी घेतली आहे की सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी येतील. एवढ्या एका बदलाने खूप फरक पडला.

खरी अडचण निघाली फाइलची. पहिल्या ताईंच्या नोंदी जुन्या संस्थेने नेल्या होत्या. गोपनीयता म्हणून नेल्या, ते योग्यच. पण नव्या ताईंच्या हातात काहीच नव्हतं. पहिल्या भेटीनंतर मुलगा घरी येऊन म्हणाला, ‘आई, परत सगळं पहिल्यापासून सांगायचं?’ आणि पुढच्या शुक्रवारी तो गेलाच नाही. आमच्या खात्यात पोस्टमनची बीट बदलली की जुना माणूस नव्याला बरोबर घेऊन गल्ल्या दाखवतो, कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते तेही सांगतो. इथे चौदा वर्षांच्या मुलाची पोटातली भीती होती आणि दाखवायला कुणी नव्हतं. मी जुन्या संस्थेला लेखी अर्ज दिला, माझी सही, मुलाची सही. त्यांनी अर्ध्या पानाचा सारांश पाठवला: काय अडचण होती, काय करून पाहिलं, कशाने बरं वाटलं. ते अर्धं पान वाचून नव्या ताईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या वहीबद्दल. त्यानंतर तो जाऊ लागला.

बाहेरच्या घटनेचा आणखी एक परिणाम लिहायचा राहिला, तो २०२४ चा. ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना उघड झाली आणि राज्यभर शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती याबद्दल पुन्हा कडक आदेश गेले. हे व्हायलाच हवं होतं. आमच्या शाळेत त्यानंतर पालकसभेला सभागृह भरलं, एरवी न दिसणारे वडील आले, आणि ताईंनी खास वडिलांसाठी बालसुरक्षेचं सत्र घेतलं. उत्तम झालं ते. पण घाईत दोन गोष्टी विस्कटल्या. ताईंची ‘मनातलं’ नावाची चिठ्ठ्यांची पेटी आणि नवी तक्रारपेटी एकच करून टाकली. तक्रारपेटी आमच्याकडे मुख्याध्यापक आणि समितीसमोर उघडतात. ‘बाबा रात्री ओरडतात’, ‘माझ्याशी कुणी डबा खात नाही’ असल्या चिठ्ठ्या समितीसमोर वाचल्या जाणार म्हटल्यावर मुलांनी लिहिणं सोडलं. दुसरं म्हणजे पॅसेजमधला कॅमेरा नेमका कक्षाच्या दारावर. कोण आत जातं हे ऑफिसातल्या पडद्यावर दिसतं, हे मोठ्या मुलांना लगेच कळलं. त्या वेळच्या ताई मुख्याध्यापकांशी बोलल्या. पेट्या परत वेगळ्या झाल्या, ‘मनातलं’ची चावी ताईंकडे राहिली. कॅमेरा तिथेच आहे, पण मुलांना ग्रंथालयाच्या आतल्या दाराने यायची मुभा मिळाली. सुरक्षेचा आदेश आणि मुलाचा विश्वास, दोन्ही सांभाळता येतं. त्यासाठी शाळेत त्या दोन्हीतला फरक समजणारं माणूस लागतं.

आणि वर्गशिक्षक. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्य दूत’ म्हणून प्रशिक्षित करायचे आहेत. आमच्या शाळेतल्या त्या दोन बाईंपैकी एक बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम असलेल्या. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाचं घरोघर सर्वेक्षण, त्या वर्षी मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरमध्ये विधानसभा, यंदा १५ जानेवारीला महापालिका. दर वेळी बाई वर्गाबाहेर. मूल गप्प झालं आहे, डबा न खाता परत नेतं आहे, हे पहिल्यांदा बाईंच्या नजरेला दिसतं आणि मग चिठ्ठी ताईंकडे जाते. बाई नसल्या की ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. यंदा निवडणुकीच्या आसपास कक्षाकडे आलेल्या मुलांत दहावीची मुलं कमी होती असं ताई म्हणाल्या, आणि दहावीची बोर्डाची परीक्षा तर फेब्रुवारीत दाराशी आलेली.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं, तेही कोविडच्या आधी. साठ मुलांच्या वर्गात चार-पाच मुलं. त्या हिशेबाने दोन दिवसांची एक ताई पुरी पडणं शक्य नाही, आणि तरी जेवढं होतं ते लाखमोलाचं आहे.

म्हणून माझे गुण असे. दोन्ही ताईंना पाच पैकी पाच. मुख्याध्यापकांना चार, कारण ते बदलायला तयार असतात. पैशाच्या आणि नेमणुकीच्या व्यवस्थेला दोन, आणि त्यातला एक नव्या करारासाठी. आम्ही ट्रस्टला विनंती केली होती की करार आर्थिक वर्षाचा न करता शाळेच्या वर्षाचा करा. त्यांनी मान्य केलं. या वर्षीचा करार ३० एप्रिलपर्यंत आहे, म्हणजे वार्षिक परीक्षा पार पडेपर्यंत ताई असतील. करारात आणखी एक ओळ घालून घेतली: समुपदेशक बदलल्यास पालकांच्या संमतीने प्रत्येक मुलाचा सारांश नव्या व्यक्तीला द्यायचा.

दुसऱ्या शाळांतल्या पालकांना माझं सांगणं: शाळेत समुपदेशक आहे का, एवढंच विचारून थांबू नका. त्यांचा पगार कोण देतं, करार कुठल्या तारखेला संपतो, त्यांचं शिक्षण काय, सुट्टीचा वार भरून निघतो का, आणि त्या गेल्या तर नोंदी कुणाकडे जातात, हेही पालकसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पाचवी आणि आठवीच्या पालकांनी संमतीपत्र जूनमध्येच भरून द्यावं. पहिल्या सत्रात ताईंकडे गर्दी कमी असते, दिवाळीनंतर वेळ मिळायला थांबावं लागतं.